येते म्हटलं होतं

सोमवार, ६ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! दोन ट्रंका, एक वळकटी, शिवणाचा डबा आणि मी, असा सगळा पसारा जिन्यावरून वर चढवता चढवता हमाल बिचारा घामाघूम झाला. दारात वन्सं उभ्या. माझ्या मालकांच्या या थोरल्या बहीण. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, पण नणंद-भावजयीचं नातं काही त्यांनी बरोबर नेलं नाही; उलट भांडायला तिसरं कुणी उरलं नाही म्हणून ते जरा जास्तच मुरलं. वन्संची दृष्टी गेली दोन वर्षं विझत विझत आता पार गेली आहे. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, नाक चाचपलं आणि म्हणाल्या, धाकटे, म्हातारी झालीस गं. मी म्हटलं, तुम्हाला आरसा दिसत नाही ते एक बरंच आहे. इतक्या हसल्या की हमालही हसायला लागला.

घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, पण खिडकी मोठी, थेट रस्त्यावर उघडणारी. खाली पांढऱ्या पट्ट्या आणि सिग्नल. पलीकडे एक पावाचं दुकान आणि त्याला लागून वन्संचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब खोली, तिथे बसून त्या खुर्च्यांच्या बैठका वेताने विणतात. डोळे गेले तशी बोटं जास्तच शहाणी झाली, असं त्या म्हणतात. रोज सकाळी एकट्या रस्ता ओलांडून जातात, दुपारी एकट्या येतात.

माझं इथे येणं त्यावरूनच. त्यांचा मुलगा लांब राहतो, तिथून फोनवर काळजी करतो. आईने एकटीने रस्ता ओलांडणं बंद करावं, त्याने एक चांगली म्हाताऱ्यांची संस्था बघून ठेवली आहे, बागही आहे म्हणे. वन्संनी त्याला सांगितलं, ज्या दिवशी मला हा रस्ता ओलांडता येणार नाही त्या दिवशी ने, तोवर तुझी बाग तूच हिंड. मग मधला मार्ग म्हणून मी आले. मी त्यांना हाताला धरायचं नाही, ही त्यांची अट. मागून चालायचं.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती चाळिशी उलटल्यावर, दुकानांच्या पाट्या वाचून. म्हणून रोज चार ओळी लिहिते. नाहीतर हात विसरायचा.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज वन्संनी मला रस्ता ओलांडायला शिकवलं. हसू नये, खरंच शिकवलं. मी आपली आयुष्यभर गाडी आली की पळ, नाही आली की चाल, या शास्त्रावर जगलेली.

खांबावर पिवळी पेटी असते, तिला बटण. लोक ते बटण दाराच्या घंटेसारखं बडवत बसतात. वन्सं म्हणाल्या, अगं, बटण म्हणजे हुकूम नव्हे, अर्ज आहे. एकदा दिला की पेटी लक्षात ठेवते, दहादा दिला तरी अर्ज एकच. मग गाड्यांची पाळी संपली की ती आपली पाळी लावते. आधी गाड्यांना पिवळा, मग लाल, मग क्षणभर सगळ्यांनाच थांबा, आणि मग आपल्याला हिरवा माणूस.

पलीकडच्या खांबावर दोन माणसं आहेत. तांबडा हात खाली सोडून ताठ उभा असतो, मी त्याचं नाव मामंजी ठेवलं. माझे सासरे अगदी असेच दारात उभे राहायचे. हिरवा नेहमी एक पाय पुढे टाकून घाईत, म्हणून तो भावजी. भावजी लुकलुकायला लागले की नव्याने निघायचं नाही, पण निघालेल्याने मागेही फिरायचं नाही, पोचायचं. संसारालाही हाच नियम, असं मी म्हटलं तर वन्संनी मला काठी मारली.

आणि खरी गंमत पुढेच. पेटीच्या पोटाखाली, हात घालून चाचपल्याशिवाय कळणार नाही असा, एक छोटा खरखरीत भोवरा लोंबतो. भावजी उजळले की तो बोटांत फिरायला लागतो. डोळे नसलेल्यांसाठी केलेला आहे. पूर्वी टुकटुक असा आवाजही यायचा, पण शेजारच्यांनी झोपमोड होते म्हणून तक्रार करून तो बंद करवला. तेव्हा वन्संची सगळी भिस्त त्या भोवऱ्यावर. फिरला की निघायचं. त्यांनी माझं बोट त्यावर ठेवलं. सुगरणीने फिरवलेल्या रवीसारखा फिरला. मला तर लहान मुलासारखा आनंद झाला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

खाली सिग्नलवाला आला होता. कोपऱ्यावरचं लोखंडी कपाट उघडून आत डोकं घालून बसला होता. मी चहा नेऊन दिला आणि बदल्यात प्रश्न विचारले. चांगला माणूस, टकलावर पेन्सिलीची रेघ ओढलेली.

त्याने दाखवलं, खांबावर दोन डोळे आहेत. एक कडेला बघतो. अर्ज देऊन माणूस कंटाळून निघून गेला तर अर्ज रद्द, गाड्यांना उगाच कशाला थांबवा. दुसरा डोळा पट्ट्यांवर बघतो. कुणी हळू चालणारं अजून मधेच असेल तर तो गाड्यांना सोडत नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. एवढा वेळ थांबवेन, मग सोडून देईन. यंत्राचाही धीर सुटतो, आजी, असं तो म्हणाला.

मग आला कशाला? तर तक्रारी आहेत. पट्ट्या रिकाम्या दिसतात आणि गाड्या थांबलेल्याच. डोळा दोनदा बदलून झाला. नवा डोळाही तेच सांगतो, की मधे कुणीतरी आहे. मी म्हटलं, म्हातारपणी नसलेलं दिसायला लागतं, आमच्याकडे बघा. तो हसला, पण कप परत देताना पट्ट्यांवरून चालत न येता लांबून वळसा घालून आला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज एक गोष्ट झाली ती जशीच्या तशी लिहिते.

वन्संना दुपारी आणायला गेले होते. भावजी उजळले, वन्सं पुढे निघाल्या, मी मागून. मधोमध पोचले तर माझ्या तळहातात कुणाचा तरी हात आला. बाईचा, हाडकुळा, नळाखाली भांडी घासून यावा तसा गार. कुणी म्हातारी असेल, गर्दीत आधार शोधत असेल, असं वाटलं. मी बघितलंही नाही. हिरवा लुकलुकायला लागला होता. चला चला म्हणत तिला चार पावलं आणलं. मग तिची चाल अडली, वन्सं तर पुढे गेलेल्या. म्हणून मी हात सोडवला आणि निघताना आपल्या तोंडात असतं ते म्हटलं: बरं, येते हं.

कडेला चढून वळून बघितलं. पट्ट्यांवर कुणी नाही. गाड्या मात्र थांबून होत्या. बराच वेळ थांबून होत्या.

वन्संनी विचारलं, कुणाशी बोलत होतीस? मी म्हटलं, होती एक. हाताचा गारठा चहाच्या कपानेही जाईना. आता गेला आहे. म्हणजे बराचसा.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज अक्षर वाकडं येईल.

सकाळी वन्संनी बटण दाबलं, बोट भोवऱ्यावर. मी दोन पावलं मागे. मामंजी ताठ उभे, गाड्या भरधाव. आणि वन्सं निघाल्या! खाली रस्त्यावर पाय टाकला. मी त्यांच्या कोटाचा मागचा पट्टा धरून असं ओढलं की दोघी उताण्या. समोरून ट्रक गेला. त्याचा वारा माझ्या तोंडावर आला.

वन्सं रागावल्या. भोवरा फिरला, असं म्हणाल्या. मी म्हटलं, तांबडा होता. त्या म्हणाल्या, फिरला, माझ्या बोटांना शिकवू नकोस. पावाच्या दुकानातली बाई धावत आली, पाणी दिलं, खरचटलेलं पुसलं.

कसं कोण जाणे, मुलाला कळलं. पुढच्या आठवड्यात शनिवारी येतो म्हणाला, संस्थेचा माणूस घेऊन. वन्संनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सिग्नलवाल्याला बोलावून घेतलं. त्याने पेटी खोलली. भोवऱ्याची मोटर हिरव्या दिव्याच्याच तारेवर आहे, दिवा नाही तर वीज नाही, वीज नाही तर फिरणं नाही. आजीबाईंच्या बोटाला भास झाला असेल, असं म्हणाला. वन्संना तो भास शब्द झोंबला. शेवटी संशय नको म्हणून त्याने मोटरच काढून खिशात घातली. नवी सोमवारनंतर बसवतो म्हणाला. टुकटुक आवाज परत सुरू करायची परवानगीही मागतो म्हणाला. तोवर मी वन्संना तोंडाने सांगायचं, निघा.

दुसरीकडून जाऊ या, पूल आहे, असं मी सुचवून बघितलं. वन्सं म्हणाल्या, चोर सोडून संन्याशाला फाशी का? माझी वाट मी सोडणार नाही. म्हटलं, बरोबर आहे. उगाच नाही पटत आमचं.

पाव आणायला गेले तेव्हा दुकानातल्या बाईला त्या गार हाताबद्दल विचारलं. तिने पाव बांधता बांधता दोरीच तोडली. मग सांगितलं. सिग्नल नव्हता तेव्हाची गोष्ट. दोन मैत्रिणी, दोघी उतारवयाच्या. एक रस्त्यात उतरली, दुसरीला काहीतरी आठवलं. तू हो पुढे, मी आलेच, असं म्हणून ती माघारी फिरली. तिकडे कुणी भेटलं, गप्पांत राहिली. पहिली मधोमध थांबून मागे वळून बघत राहिली. आलेच म्हणाली ना, येईल. तिथेच गाडीखाली आली. त्यानंतर हा सिग्नल बसला. दुसरी गाव सोडून गेली, तीही आता नसेल.

म्हणजे ती अजून मधेच आहे. निघालेल्याने पोचायचं, आणि ती पोचलीच नाही. यंत्राला दिसते ती तीच.

आणि मी शहाणी तिला काय म्हणाले? येते हं.

अहो, निघताना आपण सगळेच म्हणतो! जाते म्हणू नये, आईने शिकवलेलं. जाणाऱ्याने येते म्हणावं, येणाऱ्याने आलेच म्हणावं. घरच्यांना कळतं त्याचा अर्थ काय. पण जी कधीची एका शब्दावर उभी आहे, तिने तो अक्षरशः धरला. उचलली जीभ लावली टाळ्याला. ती वन्संना नाही, मला बोलावते आहे, भोवरा माझ्यासाठी फिरवते आहे. वन्संचं बोट आड आलं एवढंच.

माझ्या जिभेचा घोळ. मीच निस्तरीन. भिते की काय!

सोमवार, २० ऑक्टोबर

पेटीखाली बोट घातलं, फक्त बघायला. मोटर नाही, खाली नुसती पोकळ काडी. मामंजी उभे.

फिरला.

हळू. कुणी समजूत काढत फिरवावा तसा.

घरी आले, बरणीचं झाकण उघडायला गेले तर ते माझ्या बोटांत आपण होऊन फिरलं. नळाची चावी. रेडिओची खुंटी. जे जे खरखरीत आणि गोल आहे ते ते. चल, निघ, तुझी पाळी. मी रेडिओला म्हटलं, गप. वन्सं म्हणाल्या, रेडिओ तर बंदच आहे.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, ठाऊक आहे मला. म्हणून भ्यायचं नाही. बरणी उघडली, चहा केला, दोन कप प्याले.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

वन्सं आज कारखान्यातून आल्या. कोट उतरवता उतरवता त्यांनी सांगितलं. मधोमध कुणी तरी त्यांचा हात धरला आणि विचारलं, ती येते म्हणाली होती ना?

मी त्यांच्या मागेच होते. मला काही ऐकू आलं नाही.

काय सांगितलंत, असं मी विचारलं. वन्संना काय माहीत! चांगल्या घरच्या, कुणी विचारलं तर आशेला लावायचं. म्हणाल्या, येईल हो.

मग मी सगळं सांगितलं. मला वेड लागलं म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा हात चाचपला, तळहात, तोच. म्हणाल्या, धाकटे, हा अजून गार आहे. आणि मग, शनिवारपर्यंत तू मला घराबाहेर पडू देणार नाहीस असं वाटत असेल तर विसर. भुताला घाबरून घरात बसले तर मुलगा जिंकला.

म्हटलं, वन्सं, तुमच्यापुढे भूत काय चीज आहे.

बुधवार, २२ ऑक्टोबर

भर दुपारी एकटी गेले. ठरवून. मधोमध उभी राहिले. हात आला. तिला सांगायचं होतं, बाई, मी जाते. येते नाही, जाते. चुकून बोलले, शब्द मागे घेते. घोकून गेले होते.

तोंड उघडलं आणि म्हणाले —

येते हं.

साठ-पासष्ट वर्षांची सवय! जित्याची खोड. दुसऱ्यांदा वचन दिलं मी तिला. हात दाबला तिने. आनंदाने दाबला, कळतो तो दाब.

पुन्हा प्रयत्न केला. जा — पुढे जीभ वळेना. येते. येते. येते. गाड्यांचे भोंगे. कुणी तरी ओरडलं, म्हातारे, मरायचंय का. पळत कडेला आले.

घरी भिंतीकडे तोंड करून म्हणून बघितलं. येत नाही म्हणता. आईचा हात तोंडावर असल्यासारखा.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

तिने वन्संना धरलं.

सकाळी. मी निघा म्हटलं, भावजी हिरवे, मी बघितलं होतं नीट. मधोमध वन्सं थांबल्या. बाही ताणलेली, पुढे कुणी नाही आणि बाही ताणलेली. मी दंड धरून ओढते तर — गाड्या थांबल्या होत्या, डोळ्याने थांबवल्या होत्या — आणि मग थांबवायचं संपलं. त्याचा धीर सुटला. गाड्यांना हिरवा. पावाची बाई धावत रस्त्यात आली, हात पसरून, नाहीतर —

बाही फाटून तिथेच राहिली. वळून बघितलं तर पट्ट्यांवर बाही नव्हती.

वन्सं म्हणतात, ती म्हणाली, ती येईपर्यंत तुला ठेवते.

गहाण! माझ्यासाठी माझ्या वन्सं गहाण!

नाही. नाही म्हणजे नाही. कुणा मैत्रिणीने आलेच म्हटलं आणि आली नाही, वाईट झालं, पोटात तुटतं माझ्या. सोबत हवी तर माग, बाई, रोज घटकाभर बसेन कडेला. पण कुणाच्या तोंडच्या शब्दात फास अडकवून ओढायचं नाही. मी तुझी ती नाही. तिचं मी फेडणार नाही.

वन्सं उद्याही जाणार. मी थांबवणार नाही. परवा मुलगा येतो. आज बसल्या तर कायमच्या बसल्या.

एक सुचलं आहे. जीभ मला आईने शिकवली, ती आईचं ऐकते. पण हात? हात मी शिकवला. पाट्या वाचून, एकटीने. त्याला कुणी सांगितलेलं नाही काय लिहू नये.

लिहून दाखवीन. तिथेच, तिच्या समोर. घरून लिहून नेलं तर ते तिला बोलल्यासारखं धरलं जाणार नाही, असं वाटतं. ती जिथे उभी आहे तिथेच द्यायला हवं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

कडेला उभी. वही पेटीवर टेकून. सकाळ, ऊन चांगलं. बटण दाबलं. एकदाच. अर्ज दिला.

वन्सं शेजारी. दुसरा कोट घातला आहे, केस विंचरले आहेत. त्यांना सांगितलं, मी मधे थांबेन, तुम्ही थांबायचं नाही. कुणी काही विचारलं तर येईल म्हणायचं नाही. म्हणाल्या, मग काय म्हणू? म्हटलं, शिवी द्या. खूश झाल्या.

भोवरा फिरतोय. मामंजी अजून उभे. फिरू दे. मी नियमाने निघणार —

भावजी.

मधे आहे. वन्सं पुढे — गेल्या — शिवी ऐकली मी — काठी दोनदा आपटली. पोचल्या. पोचल्या! आता काही का होईना.

हात आला. डावा घे. उजवा माझा आहे.

लुकलुकतो.

दिसते आहे आता. माझ्यासारखीच आहे. फाटकी बाही हातात. मागे बघते. अगं वेडे, मागे कुणी नाही. पुढे बघ, दहा पट्ट्या, बस, पोच ना —

तांबडा. गाड्या थांबून. डोळा बघतोय. बघ बाबा, थोडं धर, धीर सोडू नको —

ओढते. ओढ. अक्षर माझं आहे.

वाच. मी येत नाही. आलेच म्हणत नाही, येते म्हणत नाही. मी जा